थेंब वाचला, विहीर खोल गेली

जळगाव जिल्ह्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. पाटाने भिजवलेल्या केळीच्या एका पिकाला १८०० ते २२०० मिलिमीटर पाणी लागते. यातली तूट कोण भरून काढतो, हा प्रश्न खानदेशातल्या टिकाऊ शेतीच्या चर्चेत सगळ्यांत आधी यायला हवा. तो बहुधा चहापाणी झाल्यावर, मंडळी उठता उठता निघतो. आधी बोलून होते ते ठिबकवर, टिश्यू कल्चरवर, निर्यातीवर. या गोष्टी खऱ्याच आहेत आणि त्यांतल्या काहींचा अभिमान वाटावा अशाही आहेत. पण त्या सगळ्या एका शेताच्या बांधाच्या आत घडतात, आणि पाणी बांध मानत नाही.

रावेर, यावल, चोपडा हा पट्टा सातपुडा आणि तापी यांच्या मधला. डोंगरातून सुकी, मोर, अनेर अशा नद्या उतरतात. पायथ्याशी दगडगोटे आणि वाळूचा जाड थर आहे, त्यात त्यांचे पाणी मुरते आणि गाळाच्या थरांतून तापीकडे सरकत राहते. वर काळी कसदार माती, खाली पाण्याने भरलेला खोल गाळ. केळीने हा पट्टा निवडला तो उगीच नाही. मोटेच्या काळात उपसा बैलांच्या दमापुरता होता. इंजिन आले, मग विजेचा पंप आला, मग विहिरीच्या जागी ट्यूबवेल आली. प्रत्येक वेळी पाणी थोडे खाली गेले आणि पाइप थोडा लांबला. आज रावेर आणि यावल हे तालुके सरकारी भूजल मूल्यांकनात अतिशोषित म्हणून ओळखले जातात. म्हणजे वर्षभरात जमिनीत जेवढे मुरते, त्याहून जास्त उपसले जाते.

याच जिल्ह्यात देशातल्या ठिबक उद्योगाचे एक मोठे केंद्र उभे राहिले. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९७८ साली केळीची भुकटी करणारा एक जुना कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन बनवायला सुरुवात केली. पुढे पीव्हीसी पाइप आले आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ठिबक. नव्वदच्या दशकात टिश्यू कल्चरची ग्रँड नैन रोपे शिवारात आली. त्याआधी शेतकरी कंद लावत. बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी ही तेव्हाची नावे. बाग एकसारखी निसवायची नाही, कापणी महिनोन्‌महिने चालायची आणि पीक दीड वर्ष शेतात उभे असायचे. टिश्यूच्या रोपाने हा काळ अकरा-बारा महिन्यांवर आणला. सगळी बाग जवळजवळ एकाच वेळी कापणीला येऊ लागली, घडाचे वजन वाढले आणि खत पाण्यातून थेट मुळाशी देता येऊ लागले. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली मृगबाग असो की पावसाळा सरल्यावरची कांदेबाग, ठिबकाशिवाय केळी ही कल्पनाच आता त्या भागात उरलेली नाही.

ठिबकाने पाणी चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाचते, असे सगळीकडे सांगतात. तो आकडा मान्य केला तरी केळीची गरज नऊशे मिलिमीटरच्या खाली जात नाही. शेतावर पडणाऱ्या पावसाहून ती अजूनही जास्तच आहे. त्यातही पाऊस चार महिन्यांत येतो आणि त्यातला बराचसा नाल्याने निघून जातो. दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. पाटाने पाणी देताना जे ‘वाया’ जायचे, त्यातला एक भाग गाळातून झिरपत परत त्याच भूजलात जायचा. ठिबकाने ते झिरपणे थांबवले. वीज वाचली, खत वाचले, मजुरी वाचली; भूजलाची बचत मात्र कागदावर दिसते तेवढी नाही. आणि जी काही झाली, तिचे शेतकऱ्याने काय केले? कोणीही करील तेच. एका ट्यूबवेलवर दोन एकर बाग भागत होती तिथे चार एकर लावली. हातात चार पैसे देणारे दुसरे पीक नसताना त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण या उपायाला जलसंधारण म्हणायचे असेल, तर वाचलेले पाणी जमिनीत राहते की शेजारच्या नव्या बागेत जाते, एवढे तरी बघावे लागेल. जिल्ह्यातले केळीचे क्षेत्र आज ४५ ते ५० हजार हेक्टरांच्या घरात आहे.

पाण्यानंतर येते ते खोड. केळीचे झाड आयुष्यात एकदाच घड देते. घड कापला की पुरुषभर उंचीचा, पाण्याने फुगलेला बुंधा उरतो आणि शेजारी मुनवे वाढत असतात. त्यांतला एक ठेवून पिलबाग घेतली जाते. एका हेक्टरमागे ६० ते ८० टन खोड निघते. वर्षानुवर्षे ते बांधावर नाहीतर रस्त्याकडेला फेकले गेले आणि तिथेच कुजत पडले. रावेर-सावदा भागातल्या शेतरस्त्यांवर हे ढीग अजून दिसतात. केळी हे पालाश खाणारे पीक, आणि त्यातला मोठा वाटा या खोडापानांत असतो. म्हणजे शेतकरी पोटॅशच्या गोण्या विकत आणतो आणि तोच पालाश बांधावर फेकून देतो. अलीकडे खोडाची कुट्टी करून ती जागेवरच मातीत मिसळणारी यंत्रे आली आहेत. सगळ्या नव्या गोष्टींत मला ही सर्वांत कमी गाजावाजा झालेली आणि सर्वांत कामाची वाटते.

गाजावाजा झाला तो धाग्याचा. हार बांधायला केळीचे सोपट आपल्याकडे पूर्वापार आहे; यंत्राने काढलेला धागा ही त्याचीच पुढची पायरी. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने खोडाचा धागा, रसापासून द्रवरूप खत, गाभ्यापासून कँडी असे प्रयोग नीट मांडून दाखवले. पण खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि शंभर किलो खोडातून निघणारा धागा जेमतेम किलोभर. एवढे ओझे शेतातून यंत्रापर्यंत न्यायचे तर वाहतुकीतच फायदा संपतो. ठरलेला ग्राहकही नाही. म्हणून बचत गटांनी यंत्रे घ्यायची, उद्घाटनाचे फोटो काढायचे आणि दोन हंगामांनी यंत्र झाकून ठेवायचे, असे बऱ्याच ठिकाणी झाले. धागा चांगला आहे, त्याच्याभोवतीचा व्यवहार अजून उभा राहिलेला नाही.

इथे बुचाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. वाइनच्या बाटलीचे नैसर्गिक बूच ओकच्या एका जातीच्या सालीपासून बनते आणि जगातले निम्म्याच्या आसपास बूच एकट्या पोर्तुगालमध्ये तयार होते. झाड पंचवीस वर्षांचे होईपर्यंत त्याला हात लावत नाहीत. मग कुऱ्हाडीने साल सोलतात, पण आतल्या जिवंत थराला धक्का लागू देत नाहीत. झाड मरत नाही, साल पुन्हा धरते. पुढची सोलणी नऊ वर्षांनी, त्याआधी नाही. बाटलीच्या बुचाला योग्य अशी साल तिसऱ्या सोलणीला मिळते, म्हणजे लावणारा म्हातारा झालेला असतो. सोललेल्या बुंध्यावर त्या वर्षाचा शेवटचा अंक रंगाने लिहितात. ४ लिहिले असेल तर साल २०२४ मध्ये काढली आणि आता २०३३ पर्यंत थांबायचे, हे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही वाचता येते. झाड तोडायला कायद्याची आडकाठी आहे. या झाडांखाली गुरे चरतात, धान्य होते, पक्षी राहतात. गंमत अशी की या राईला मोठा धोका कुऱ्हाडीचा नव्हताच. वाइनवाल्यांनी प्लॅस्टिकची बुचे आणि फिरकीची टोपणे घ्यायला सुरुवात केली तेव्हा साल कोण घेणार आणि साल खपली नाही तर झाड कोण राखणार, अशी चिंता २००० नंतरच्या दशकात पर्यावरणवाल्यांनीच बोलून दाखवली. आपल्या नाशिकच्या वाइनमध्ये सुलाने फिरकीचे टोपण आणले, तेव्हा त्यातली सोय सगळ्यांना पटली. भारतात बुचाचे ओक नाहीत, त्यामुळे आपले काही गेले नाही.

बुचाचे झाड दोनशे वर्षे जगते, केळी वर्षभर. तुलना एवढ्यावरच थांबायला हवी. घेण्यासारखे दोन मुद्दे आहेत. उप-उत्पादनाला पक्का ग्राहक नसेल तर ते कचराच राहते, हा एक. आणि कधी काढायचे, किती काढायचे हा नियम मालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही, हा दुसरा. हा दुसरा मुद्दा पुढे धुळ्यात गेल्यावर पुन्हा लागेल.

त्याआधी एकाच वाणाविषयी. ग्रँड नैन कॅव्हेंडिश गटातली केळी. प्रयोगशाळेत वाढवलेली, त्यामुळे लाखो झाडे आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकच. जगाच्या बाजारात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रॉस मिशेल नावाची केळी चालायची. पनामा रोगाने तिचे मळे उठवले म्हणून कॅव्हेंडिश आली. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशवरही चालतो, आणि तो बिहार, उत्तर प्रदेश, गुजरात व मध्य प्रदेशात सापडला आहे. रावेरची हद्द मध्य प्रदेशाला लागून, माणसे आणि गाड्या रोज इकडून तिकडे. ही बुरशी मातीतून, रोपांतून, अवजारांना चिकटून जाते आणि एकदा शिरली की वर्षानुवर्षे मातीत राहते. द्राक्षवाल्यांवर असा प्रसंग एकोणिसाव्या शतकात आला होता. फायलोक्झेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या बागा संपवत आणल्या, तेव्हा अमेरिकन वेलीच्या खुंटावर कलम करून त्या वाचवल्या. आज महाराष्ट्रातली द्राक्षबाग डॉगरिजच्या खुंटावर उभी आहे. तिथे कारण क्षारांचे आणि कमी पाण्याचे, पण युक्ती तीच. केळीत खुंटाची ही सोय नाही. उरते ते बाग स्वच्छ ठेवणे, पीक बदलणे आणि दुसरे वाण जपणे. यांतले तिसरे काम खानदेशात जवळपास कोणीच करत नाही.

आत्ता रोज डोके खाणारा रोग वेगळा आहे. सीएमव्ही म्हणजे कुकुंबर मोझॅक, शेतकऱ्यांच्या तोंडी हरण्या. मावा ही कीड हा विषाणू काकडीवर्गातल्या पिकांवरून, तणांवरून केळीवर आणतो. झाड वाचवता येत नाही. उपटून, दूर नेऊन पुरायचे. पावसाळ्यात ढगाळ दिवस लांबले की नुकत्या लावलेल्या मृगबागांतून झाडेच्या झाडे उपटावी लागतात. एकाने उपटली आणि शेजाऱ्याने ठेवली तर उपयोग शून्य. पुन्हा बांधाचीच गोष्ट. हिवाळ्यातली थंडी आणि मे-जूनच्या वावटळी वेगळ्याच. त्यावर बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताचे कुंपण हा जुना उपाय अजूनही सर्वांत स्वस्त आहे. काही ठिकाणी त्याची जागा हिरव्या जाळीने घेतली आहे. सोय झाली, पण जाळी चार वर्षांनी फाटते आणि शेवरी चारा देते.

प्लॅस्टिकचा विषय निघालाच आहे. जळगाव केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावाने ते नोंदलेले आहे. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. निर्यातीचा घड डागरहित हवा, म्हणून तो पिशवीत झाकायचा, फण्यांमध्ये फोम घालायचा, खोक्यात पुन्हा प्लॅस्टिक. यात ठिबकच्या जुन्या नळ्या आणि मल्चिंगचा कागद मिळवला तर एका बागेचा वर्षाचा कचरा छोटा नाही. नळ्या भंगारवाला घेतो. बाकीचे बांधावर जळते.

निर्यातीचा धडा द्राक्षांनी आपल्याआधी गिरवला. २०१० साली युरोपने भारतीय द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशापायी अडवली. हे रसायन फळधारणेसाठी वेलीवर फवारले जायचे आणि ते तपासणीच्या यादीत येईल हे कोणाच्या ध्यानी नव्हते. बागायतदारांचे कंबरडे मोडले, पण त्यानंतर नोंदणी, नमुने, प्रयोगशाळा यांची जी शिस्त घट्ट झाली, तिच्यामुळे नाशिकचा शेतकरी आज कोणता फवारा कधी बंद करायचा हे तारखेनिशी सांगतो. केळीला साल असते म्हणून अंशाची धास्ती कमी. ही ढिलाई फार काळ परवडणार नाही.

आता धुळ्याकडे. जळगावचे नाव यंत्रासाठी निघते तसे धुळ्याचे नाव निघायला हवे ते फडासाठी. पांझरा, मोसम, आरम, गिरणा या धुळे-नाशिक भागातल्या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, आणि त्याखालची जमीन साधारण चार फडांत वाटलेली असते. एका फडात त्या हंगामात एकच पीक. ऊस एका फडात, गहू दुसऱ्यात, बाजरी तिसऱ्यात, आणि पुढच्या वर्षी ही फिरकी बदलायची. जास्त पाण्याचे पीक कायम एकाच्याच वाट्याला येत नाही. बंधाऱ्यात पाणी कमी दिसले की एखादा फड त्या हंगामाला कोरडाच सोडायचा असे पंच ठरवत. शेतकऱ्यांची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, म्हणून कोरड्या फडाचा तोटा एकट्याच्या माथी येत नसे. पाणी शेतकरी स्वतः फोडून घेत नसे. ते पाटकरी देई, पाटकऱ्यांवर हवालदार, उभ्या पिकाच्या राखणीला जागल्या. यांची मजुरी धान्याच्या रूपात. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला प्रत्येकाने आपल्या जमिनीच्या हिश्श्याने माणूस द्यायचा.

फडाचे कौतुक करताना एक विसरू नये. ज्याची जमीन पाटाखाली होती त्याचाच हा न्याय होता. पाटाबाहेरच्याला आणि भूमिहीनाला त्यात जागा नव्हती. तरीही आजच्या ठिबकाच्या शिवारात नेमके जे नाही ते फडात होते. यंदा एकूण पाणी किती, हे आधी बघायचे आणि मग पीक ठरवायचे. आपण उलटे करतो. पीक आधी ठरते, मग पाण्याचा शोध. फड मोडले ते वर धरणे झाली म्हणून, नदी आटली म्हणून, पण सर्वांत जास्त विहिरींमुळे. ज्याची स्वतःची विहीर झाली त्याला पंचांची गरज उरली नाही.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने हीच गोष्ट जंगलाच्या बाबतीत नव्याने केली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गावाभोवतीचा डोंगर उघडा पडलेला आणि पाण्यासाठी पायपीट. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. तोडणाऱ्याला दंड, आणि राखणीचे काम गावातल्याच माणसांकडे. सुमारे ४४५ हेक्टर जंगल परत उभे राहिले, विहिरींना पाणी टिकू लागले. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचा पुरस्कार मिळाला, २०२५ साली पवारांना पद्मश्री. दरवर्षी तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते. रानातून काय कधी खुडायचे आणि काय ठेवायचे, हे तिथल्या बायका सांगतात तेव्हा त्या बुचाच्या झाडावरच्या अंकाची आठवण होते. नियम कोणी बाहेरून लादलेला नाही, म्हणून तो पाळला जातो.

त्याच जिल्ह्यात शिरपूरने दुसरी वाट धरली. २००४ नंतर भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि आमदार अमरीशभाई पटेल यांनी नाले रुंद करून चाळीस-पन्नास फूट खोल खणले आणि ठिकठिकाणी बंधारे बांधले. वरचा न मुरणारा पिवळा गाळ काढला की पाणी खालच्या थरात उतरते, हा त्यामागचा विचार. कोरड्या विहिरी भरल्या, ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर गाजला, पुढे जलयुक्त शिवारमध्ये नाला खोलीकरणाची लाटच आली. हरकत घेणाऱ्या भूजलतज्ज्ञांचे म्हणणेही ऐकण्यासारखे होते: शिरपूरच्या गाळात जे जमते ते दक्खनच्या कातळात जमेलच असे नाही, आणि इतके खोल खणले तर साठलेले भूजल उघडे पडून उडून जाते किंवा वाहून जाते. शिरपूरला जमले ते शिरपूरच्या मातीमुळे. त्याची नक्कल जेसीबीच्या तासांच्या हिशोबाने झाली, मातीच्या हिशोबाने नाही. शिवाय भरलेल्या विहिरीतून कोणी किती उपसायचे, याचा नियम शिरपूरनेही केला नाही.

आता याच विचाराची मोठी आवृत्ती येऊ घातली आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी महापुनर्भरण योजनेचा करार झाला. खंडवा जिल्ह्यात खारिया गुटी घाटाजवळ तापीवर बंधारा, तिथून सातपुड्याच्या पायथ्याने कालवे, आणि पुराचे पाणी त्या दगडगोट्यांच्या थरात मुरवायचे. एकूण ३१.१३ टीएमसी पाणी वापरायचे, त्यातले १९.३६ महाराष्ट्राच्या वाट्याला, आणि राज्यातल्या २ लाख ३४ हजार ७०६ हेक्टरांना लाभ, असा प्रस्ताव आहे. कल्पना भूगर्भाला धरून आहे. सुकी-मोरचे पाणी शेकडो वर्षे ज्या वाटेने मुरत आले तीच वाट मोठी करायची. मोठे धरण बांधून हजारो एकर बुडवण्यापेक्षा हे केव्हाही बरे. पण यात पुराचे पाणी धरलेले आहे, आणि तापीला तसा पूर दरवर्षी येईलच असे नाही. गढूळ पाण्याने मुरण्याचे थर बुजतात, तो गाळ दरवर्षी कोण काढणार, हाही प्रश्न आहे. फडात त्याचे उत्तर होते.

वापराच्या बाजूने कायदा आहे. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा, तो २०१४ पासून लागू झाला. त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे, अधिसूचित क्षेत्रात पाणलोट समित्या आहेत, पाण्याच्या ताळेबंदावर पीक आराखडा करण्याची तरतूद आहे. रावेर-यावलला साठ मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या खाली गेलेल्या ट्यूबवेल रोज चालतात. तिथला एकही पुढारी या कलमाचे नाव सभेत काढणार नाही, आणि काढावे तरी का? केळीला पर्याय न देता पंप बंद करा म्हणणे अन्यायाचे होईल. पण गावाने स्वतःहून ट्यूबवेल मोजणे, दिवाळीच्या सुमारास पातळी फळ्यावर लिहिणे आणि त्यावरून यंदा गावात किती पिलबाग ठेवायची, कांदेबागेची किती नवी लागवड करायची हे ग्रामसभेत बोलणे, याला कोणत्याही कायद्याची वाट बघावी लागत नाही. काही गावांत पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेच्या निमित्ताने पाण्याचा ताळेबंद मांडला गेला. स्पर्धा संपल्यावर तो किती ठिकाणी पुन्हा लिहिला गेला, हे गावोगाव जाऊन बघायला हवे. कालवे यायला अजून वर्षे लागतील. तोवर हे मोजमाप सुरू झाले नाही, तर नवे १९ टीएमसी आले तरी त्या पाण्यावर आणखी केळी लागेल, आणि तिलाही ठिबक असेलच.